शिलिंगला शिलिंग: केनिया-टांझानिया विनिमय दराबद्दल वाचकांचे प्रश्न

केनिया आणि टांझानिया या सख्ख्या शेजाऱ्यांच्या चलनाचे नाव एकच आहे, शिलिंग. 1966 मध्ये एकाच्या एका शिलिंगाला दुसऱ्याचा एक शिलिंग मिळत असे. आज केनियाच्या एका शिलिंगाला टांझानियाचे साधारण 18 ते 20 शिलिंग मिळतात. या दराविषयी आणि त्याला लागून असलेल्या युगांडाच्या शिलिंगाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (मडगाव): पणजोबा झांझिबारमध्ये कारकून होते. त्यांच्या वहीत 1935 पर्यंत पगार रुपयांत आहे, 1936 पासून शिलिंगांत, आणि आकडा एकदम दीडपट झाला आहे. ही पगारवाढ होती का?

नाही. 1 जानेवारी 1936 रोजी झांझिबारचा रुपया जाऊन तेथे पूर्व आफ्रिकन शिलिंग आला. एका रुपयाला दीड शिलिंग असा बदलीचा दर होता. भारतीय रुपया 1927 पासून 18 पेन्सला बांधलेला होता आणि शिलिंग 12 पेन्सचा, म्हणून दीडपट. 80 रुपये पगार असेल तर नव्या वहीत 120 शिलिंग दिसतील, पण पौंडात दोन्ही 6 पौंडच.

मात्र वही झांझिबारची आहे की मोंबासा-नैरोबीची, हे आधी पाहा. मुख्य भूमीवर हा बदल पंधरा वर्षे आधी आणि वेगळ्या दराने झाला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारतीय रुपयाच चालत होता, 15 रुपयांना एक पौंड या भावाने. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, रुपया चढला, आणि 1920 मध्ये तेथील सरकारने तो 2 शिलिंगांना कायम केला. त्याच वर्षी रुपयाच्या जागी फ्लोरिन (2 शिलिंगांचे एकक) आला आणि 1921 मध्ये फ्लोरिनचे दोन तुकडे करून शिलिंग. त्यामुळे मुख्य भूमीवरच्या वहीत आकडा दुप्पट होतो. या घाईत ज्यांची कर्जे रुपयांत आणि उत्पन्न पौंडात होते, त्या शेतमालकांचे कर्ज पौंडाच्या हिशेबात निम्म्याने वाढले. त्यांची ओरड त्या काळच्या कागदपत्रांत जागोजागी सापडते.

रुपया गेला, पण शब्द राहिला. स्वाहिलीत पैशाला आजही ‘पेसा’ म्हणतात, आणि तो आपला पैसाच.

प्रश्न (नाशिक): दोन्ही शिलिंग वेगळे नेमके कधी झाले?

नोटा वेगळ्या झाल्या 1966 मध्ये, दर वेगळा झाला 1979 मध्ये. या दोन तारखांची गल्लत फार होते.

1919 च्या अखेरीस लंडनमध्ये पूर्व आफ्रिका चलन मंडळ स्थापन झाले. 20 शिलिंगांना एक पौंड या बांधील दराने ते केनिया, युगांडा आणि टांगानिका (आजच्या टांझानियाची मुख्य भूमी) या तिन्ही प्रदेशांना एकच चलन पुरवत असे. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक देशाला स्वतःची मध्यवर्ती बँक हवी होती. बँक ऑफ टांझानिया 14 जून 1966 ला उघडली, बँक ऑफ युगांडा 15 ऑगस्टला आणि सेंट्रल बँक ऑफ केनिया 14 सप्टेंबरला. तीन नव्या नोटा निघाल्या, तरी तिन्हींचे मोल सारखेच ठेवले गेले: डॉलरला 7.14 शिलिंग.

नोव्हेंबर 1967 मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. तिघांनीही त्यामागे जायचे नाकारले, त्यामुळे पौंड 20 वरून 17.14 शिलिंगांवर आला. ऑक्टोबर 1975 मध्ये तिघांनी डॉलर सोडून नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककाशी चलन बांधले, 9.66 शिलिंगांना एक एसडीआर. येथेही आकडा एकच. पूर्व आफ्रिकी समुदाय 1977 मध्ये मोडला, फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, तरी कागदावरचा ‘एकास एक’ टिकून होता. जानेवारी 1979 मध्ये टांझानियाने 9.66 चा खुंटा सोडला आणि सुमारे 10 टक्के अवमूल्यन केले. दर वेगळा होण्याची सुरुवात तेथून.

प्रश्न (पुणे, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी): 1966 पासून आजपर्यंतची केनियन-टांझानियन दराची मालिका तयार करायची आहे. थेट आकडे कोठेच सलग मिळत नाहीत. कशी करावी?

थेट आकडे मिळत नाहीत, कारण बहुतेक काळ या दोन चलनांचा थेट बाजारच नव्हता. दोघांमध्ये डॉलर उभा असतो. म्हणून दोन्हींचे डॉलरचे दर घ्यायचे आणि भागाकार करायचा. काम सोपे दिसते, पण घसरायच्या जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा दिशेची. वहीच्या माथ्यावर लिहून ठेवा: ‘1 केनियन = किती टांझानियन’. मग सूत्र एकच, टांझानियाचा डॉलरदर भागिले केनियाचा डॉलरदर. सेंट्रल बँक ऑफ केनियाच्या तक्त्यात बहुतेक चलनांसमोर ‘एका परकीय एककाला किती केनियन शिलिंग’ असा आकडा असतो, पण टांझानिया आणि युगांडासारख्या शेजाऱ्यांच्या ओळींत दिशा उलटी असते: एका केनियन शिलिंगाला किती परकीय शिलिंग. अख्खा तक्ता एका सूत्राने ओढला तर नेमक्या याच ओळी उलट्या होतात. उत्तर 20 च्या ऐवजी 0.05 आले की हेच झाले असे समजा.

दुसरी जागा वर्षअखेर की वार्षिक सरासरी. नाणेनिधीच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय आकडेवारीत दोन्ही मालिका असतात. एका देशाची वर्षअखेर आणि दुसऱ्याची सरासरी घेतली तर शांत वर्षांत फार फरक पडणार नाही, पण 1986 किंवा 1993 सारख्या वर्षात सगळी मालिका वाकडी होते.

तिसरी जागा सरासरीची. आधी महिन्याचा भागाकार करा, मग त्यांची सरासरी काढा. उलट केले तर उत्तर बदलते. केवळ नमुन्यासाठी दोन महिने घ्या: पहिल्यात डॉलर 400 टांझानियन आणि 40 केनियन, दुसऱ्यात 480 आणि 68. भागाकार 10 आणि 7.06, त्यांची सरासरी 8.53. पण आधी सरासऱ्या काढल्या, तर 440 भागिले 54, म्हणजे 8.15. साडेचार टक्क्यांचा फरक नुसत्या क्रमामुळे पडला.

चौथी जागा खरेदी-विक्रीच्या भावांची. मध्यभाव, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या बरोबर मधला भाव, वापरायचा तर दोन्हीकडे मध्यभावच हवा. व्यापाऱ्याला खरोखर काय मिळाले हे दाखवायचे असेल तर दोन पायऱ्या मांडाव्या लागतात. समजा नैरोबीत बँक डॉलर 128.50 ला घेते आणि 130 ला देते, दार-एस-सलाममध्ये 2,450 ला घेते आणि 2,500 ला देते. केनियनचे टांझानियन करताना आपण 130 ने डॉलर विकत घेतो आणि 2,450 ने विकतो, म्हणजे दर 18.85. उलट्या वाटेने 2,500 ने डॉलर घेऊन 128.50 ने विकतो, म्हणजे एका केनियन शिलिंगामागे 19.46 मोजतो. सव्वातीन टक्क्यांची ही दरी म्हणजे दोन वेळा दिलेली हुंडणावळ. मालिका किरकोळ हलते, तेव्हा ती हालचाल या दरीच्या आत आहे का, हे आधी तपासा.

वर्षअखेरचे काही आकडे पडताळणीसाठी देतो. केनियाचा डॉलरदर 1985 मध्ये सुमारे 16.3, 1990 मध्ये 24.1, 1995 मध्ये 55.9, 2000 मध्ये 78. टांझानियाचा त्याच वर्षांत 16.5, 196.6, 550 आणि 803. भागाकार अनुक्रमे 1.01, 8.2, 9.8 आणि 10.3. तुमचे उत्तर याच्या आसपास आले तर पाया बरोबर आहे.

आलेख काढताना उभा अक्ष लॉग मापाचा घ्या, म्हणजे सारख्या पटीची हालचाल सारख्याच उंचीची दिसेल. साध्या मापावर अलीकडच्या 18 ते 20 मधल्या हालचाली डोंगरासारख्या दिसतात, आणि 1986 ची झेप, जी या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे, ती तळाशी चिकटून जाते.

तिचाच पुढचा प्रश्न: 1982 च्या अखेरीस माझे उत्तर 0.75 येते. म्हणजे टांझानियन शिलिंग केनियनपेक्षा महाग. हे चूक असणार ना?

गणित बरोबर आहे. 1981 मध्ये केनियाने दोनदा अवमूल्यन केले आणि डिसेंबर 1982 मध्ये तिसऱ्यांदा. वर्षअखेरीस तेथे डॉलर 12.7 शिलिंगांवर होता. टांझानियाने मार्च 1982 मध्ये जेमतेम 10 टक्क्यांनी दर उतरवला होता आणि तेथे डॉलर 9.6 च्या आसपास होता. भागाकार 0.75. सरकारी कागदानुसार एका केनियन शिलिंगाला टांझानियाचे 75 सेंट.

त्या भावाने केनियन शिलिंग देणारा माणूस मात्र सापडला नसता. हे लिहिल्याशिवाय हा आकडा प्रबंधात घालू नये, कारण या मालिकेतला हा सर्वांत फसवा बिंदू आहे.

त्या वर्षांत टांझानियाची स्थिती कशी होती ते पाहा. 1976-77 ची कॉफीची तेजी ओसरली होती. 1978-79 मध्ये इदी अमीनच्या युगांडाशी युद्ध झाले आणि त्याचा खर्च तिजोरीवर पडला. त्यातच 1979 चा तेलाचा भडका. शेतमाल खरेदी करणारी सरकारी मंडळे तोट्यात होती आणि तो तोटा बँकेच्या कर्जाने, म्हणजे शेवटी नव्या नोटांनी, भरून निघत होता. देशात शिलिंग वाढत होते आणि दुकानांत साबण, कापड, साखर मिळत नव्हती. ज्या शिलिंगाने काही विकत घेता येत नाही, तो शेतकरी कशाला घेईल? त्याची कॉफी आणि मका रात्री सीमेपलीकडे जाऊ लागली, कारण केनियन शिलिंगाला तिकडे दुकानात माल मिळत होता. या चोरट्या व्यापाराला पूर्व आफ्रिकेत ‘मागेंडो’ म्हणतात. त्या बाजारात टांझानियन शिलिंगाचा भाव सरकारी भावाच्या अगदी उलट होता आणि 1980 च्या दशकाच्या मध्याला तेथे डॉलर सरकारी दराच्या कित्येक पट महाग विकला जात होता.

सीमा नोव्हेंबर 1983 पर्यंत बंदच होती. तेव्हा 0.75 हा दर बाजारातला नव्हे. फार तर सरकारी खात्यांच्या जमाखर्चातला म्हणता येईल.

अध्यक्ष न्येरेरे यांनी नाणेनिधीच्या अटींवर मोठे अवमूल्यन करायला बरीच वर्षे ठाम नकार दिला. त्यामागे आयात महागेल आणि गरिबांना झळ बसेल ही खरी काळजी होती. पण गरीब माणूस आधीच काळ्या बाजाराच्या भावाने खरेदी करत होता, आणि स्वस्त सरकारी डॉलर ज्यांना परवाना मिळे त्यांच्याच हाती पडत होता. मला या धोरणातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते. 1984 मध्ये सरकारने ज्याच्याकडे स्वतःचे परकीय चलन असेल त्याला, ते कोठून आले हे न विचारता, माल आणायची मुभा दिली. दुकाने भरू लागली. खरे तर तेव्हाच काळ्या बाजाराच्या दराला अर्धी मान्यता मिळाली होती.

न्येरेरे 1985 मध्ये पायउतार झाले. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष अली हसन म्विनी यांच्या सरकारने 1986 मध्ये नाणेनिधीशी करार केला आणि शिलिंग झपाट्याने खाली आणला. डॉलर 1985 अखेरीस 16.5, 1986 अखेरीस 51.7, 1987 अखेरीस 83.7, 1988 अखेरीस 125, 1989 अखेरीस 192. केनियन शिलिंगाशी दर चार वर्षांत एकास एक वरून एकास नऊवर गेला. आलेखात ही चार वर्षांतली कोसळण दिसते, पण प्रत्यक्षात आधीच्या सात-आठ वर्षांत लपवून ठेवलेली घट येथे कागदावर आली. प्रबंधात दोन रेषा काढा, सरकारी दराची आणि समांतर, म्हणजे काळ्या, बाजाराची. त्या कोठे दुरावतात आणि 1990 च्या दशकात कोठे पुन्हा भेटतात, त्यातच तुमचे उत्तर आहे. टांझानियात 1992 मध्ये खासगी विनिमय केंद्रांना कायद्याने परवानगी मिळाली, त्यानंतर दुसऱ्या रेषेची गरज हळूहळू संपते.

महागाई वजा करून वास्तव दर काढणार असाल तर सूत्र असे: दर गुणिले केनियाचा ग्राहक किंमत निर्देशांक, भागिले टांझानियाचा. पण 1980 च्या दशकातल्या टांझानियाच्या निर्देशांकात नियंत्रित भाव शिरलेले आहेत, आणि त्या भावाने वस्तू मिळत नव्हत्या. त्या दशकाचा वास्तव दर तळटीप दिल्याशिवाय छापू नका.

प्रश्न (मुंबई): 1993 ते 1994 मध्ये दर 7 वरून जवळजवळ 12 वर गेलेला दिसतो. टांझानियात पुन्हा काही बिघडले का?

नाही, यावेळी हलला केनिया. 1993 अखेरीस टांझानियाचा डॉलर सुमारे 480 आणि 1994 अखेरीस 523. म्हणजे फारसे काही घडले नाही. केनियात मात्र डॉलर 1992 अखेरीस 36, 1993 अखेरीस 68 आणि 1994 अखेरीस 45.

1991 च्या अखेरीस देणगीदार देशांनी केनियाची मदत थांबवली. डिसेंबर 1992 मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली आणि तिच्या आगेमागे पैशाचा पुरवठा बेसुमार वाढला. त्याच काळात सोने-हिऱ्यांच्या खोट्या निर्यातीवर सरकारी भरपाई उचलण्याचा गोल्डनबर्ग घोटाळा झाला. शिलिंग कोसळला. मग पैसा शोषून घेण्यासाठी सरकारी हुंड्यांवरचे व्याज 1993 मध्ये 70 टक्क्यांच्या पुढे नेले गेले, ऑक्टोबर 1993 मध्ये चलन तरते केले, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोडला, आणि त्या व्याजाच्या ओढीने बाहेरचे डॉलर आत आले. शिलिंग उसळून वर आला.

दर हलला की दोन्ही डॉलरदर शेजारी मांडून कोण हलले ते पाहावे, एवढ्यासाठी हे उदाहरण घेतले. याच्या उलट उदाहरण 2000 ते 2010 चे आहे. केनियाचा डॉलर दोन्ही टोकांना 78 ते 81 च्या घरात. टांझानियाचा 803 वरून 1,450 च्या पुढे. दर 10 वरून 18 झाला तो जवळजवळ सगळा टांझानियाच्या बाजूने.

प्रश्न (कोल्हापूर): 2024 च्या सुरुवातीला टांझानियात राहणाऱ्या भावाला नैरोबीत पैसे पाठवायला स्वस्त पडत होते. चार-सहा महिन्यांत महाग झाले. कारण काय?

केनियाला जून 2024 मध्ये 2 अब्ज डॉलरचे रोखे फेडायचे होते आणि ते जमणार नाही या भीतीने जानेवारीत डॉलर 160 शिलिंगांवर गेला होता. तेव्हा एका केनियन शिलिंगाला टांझानियाचे 16 च्या आसपास पडत होते. फेब्रुवारीत केनियाने नवे रोखे विकून जुन्यांचा मोठा भाग आधीच परत घेतला, व्याजदर 13 टक्क्यांवर नेला, आणि काही आठवड्यांत डॉलर 130 च्या घरात आला. टांझानियात त्याच काळात डॉलरची चणचण होती आणि शिलिंग हळूहळू घसरत 2,600 च्या पुढे गेला. दोन्ही पारडी विरुद्ध दिशेने हलली आणि वर्षाच्या मध्याला दर 20 झाला. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत टांझानियन शिलिंग सावरला, तेव्हा तो पुन्हा थोडा उतरला.

प्रश्न (सातारा): नैरोबीहून नामांगामार्गे अरुशाला, तेथून सेरेंगेटीला जाणार आहोत. पैसे कोठे आणि कसे बदलावेत?

भारतीय रुपये नेऊन उपयोग नाही. डॉलर न्या, आणि नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या असू द्या. जुन्या मालिकेच्या डॉलर नोटा टांझानियात अनेक ठिकाणी नाकारतात, आणि लहान नोटांना 50-100 च्या नोटांपेक्षा कमी भाव देतात.

केनियन शिलिंग उरलेच तर सीमेवर थोडेच बदला, अरुशापर्यंतच्या खर्चापुरते. बाकीचे काम बँकेत किंवा परवानाधारक केंद्रात करा. 2018-19 मध्ये टांझानियात बरीच खासगी केंद्रे तपासणीनंतर बंद झाली, त्यामुळे आता बँकांवर जास्त भिस्त आहे. पासपोर्ट लागतो. पावती मागून घ्या आणि परत येईपर्यंत जपा.

सीमेवरच्या नामांगाला गाडीभोवती नोटांची पुडकी घेऊन माणसे येतात. त्यांच्याकडे जाऊ नका. तेथे फसगत बहुधा खोट्या नोटांनी होत नाही, ती शून्यांनी होते. केनियाची 1,000 ची नोट म्हणजे टांझानियाचे सुमारे 18 ते 20 हजार, म्हणजे 10,000 च्या जवळजवळ दोन नोटा. घाईत 5,000 च्या दोन नोटा हातात आल्या तर अर्धे पैसे गेले. निघण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहून ठेवा: 1,000, 5,000 आणि 10,000 केनियनचे किती व्हायला हवेत.

मागे-पुढे बदलू नका. 10,000 केनियन 18 च्या भावाने दिले तर 1,80,000 टांझानियन मिळतील. तेच दुसऱ्या दिवशी 20 च्या भावाने परत घेतले तर हाती 9,000. काही न घेता हजार गेले.

केनियाची 1,000 ची जुनी नोट कोणी दिली तर घेऊ नका. ती 1 ऑक्टोबर 2019 पासून रद्द आहे. ओळखायची खूण सोपी आहे: जुन्या नोटेवर जोमो केन्याटा यांचा मोठा चेहरा आहे, नव्या नोटांवर नैरोबीच्या केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राची इमारत. 50, 100, 200 आणि 500 च्या जुन्या नोटा त्या वेळी रद्द केल्या नव्हत्या. ही नोटबंदी जाहीर होताच बँक ऑफ टांझानियाने केनियन नोटा बदलून घेणेच थांबवले होते. शेजारी देशाची रोख रक्कम मोठ्या प्रमाणात घरी साठवू नये याचे ते चांगले कारण आहे.

मार्च 2025 पासून टांझानियात देशांतर्गत व्यवहारांचे भाव परकीय चलनात लावायला मनाई आहे. कोणी डॉलरमध्येच द्या असा आग्रह धरला तर शिलिंगातला भाव विचारा आणि कार्ड वापरताना यंत्रावर ‘रुपये की शिलिंग’ असा पर्याय आला तर शिलिंग निवडा. रुपये निवडल्यास दुकानाच्या बाजूची बँक स्वतःचा चढा दर लावते.

प्रश्न (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर): युगांडाच्या शिलिंगाची मालिका पाहिली. 1987 मध्ये तो एकाएकी मजबूत झालेला दिसतो. असे कसे?

मजबूत झाला नाही, शून्ये कापली. मे 1987 मध्ये युगांडाने 100 जुन्या शिलिंगांचा एक नवा शिलिंग केला. त्या आधी डॉलर 1,400 जुन्यांना होता, म्हणजे 14 नव्यांना. त्याच घोषणेत अवमूल्यन करून तो 60 नवे केला. म्हणजे मालिका 1,400 वरून 60 वर ‘उतरते’, पण खरी हालचाल 14 वरून 60 अशी चढती आहे.

दुरुस्ती करायची तर मे 1987 पूर्वीचे सगळे आकडे 100 ने भागा. नोटा बदलताना सरकारने 30 टक्के कर कापला होता, म्हणजे 10,000 जुने देणाऱ्याला 100 नव्यांऐवजी 70 हाती आले. हा कर विनिमय दरात मिसळू नका. तो बचतीवरचा कर होता, आणि लोकांनी काय गमावले याच्या हिशेबात त्याला वेगळी जागा द्यायला हवी.

आज एका केनियन शिलिंगाला युगांडाचे सुमारे 28 नवे शिलिंग पडतात. 1966 च्या शिलिंगात मोजले तर 2,800. केनिया आणि टांझानियाने शून्ये कधी कापली नाहीत, म्हणून त्यांची मालिका तशीच वाचता येते.

प्रश्न (इचलकरंजी): दोन्ही देशांत यंत्रांचे सुटे भाग पाठवतो. भाव कोणत्या चलनात लावावा?

डॉलरमध्ये. दोन्ही ग्राहकांना शिलिंगात भाव दिला तर तुम्ही तीन दरांचा धोका अंगावर घेता. भारत सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने 2022 पासून रुपयांत व्यापारासाठी खास व्होस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकेने भारतीय बँकेत उघडलेल्या रुपया खात्यांची) सोय केली आहे. केनिया, टांझानिया आणि युगांडा हे परवानगी मिळालेल्या देशांत आहेत. तुमच्या बँकेचे त्या देशातल्या कोणत्या बँकेशी असे खाते आहे ते आधी विचारा. पण रुपया-शिलिंग दरही शेवटी डॉलरवरूनच काढला जातो, तेव्हा कोटेशनवर मुदत घाला, पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको.

प्रश्न (ठाणे): पुन्हा एकच शिलिंग होणार, असे ऐकतो. खरे का?

ठरले आहे, झालेले नाही. पूर्व आफ्रिकी समुदाय 2000 मध्ये पुन्हा उभा राहिला. 30 नोव्हेंबर 2013 ला कंपाला येथे चलनसंघाचा करार झाला आणि 2024 हे वर्ष ठरले. ते साधले नाही, आता 2031 चे लक्ष्य आहे. त्याआधी प्रत्येक देशाने चार कसोट्या पाळायच्या आहेत: महागाई 8 टक्क्यांच्या आत, अनुदाने धरून वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत, कर्ज (पुढे फेडायच्या रकमा आजच्या मोलात धरून) राष्ट्रीय उत्पन्नाच्या 50 टक्क्यांच्या आत, आणि साडेचार महिन्यांच्या आयातीला पुरेल इतकी परकीय गंगाजळी. या चारही गोष्टी सलग तीन वर्षे पाळून दाखवाव्या लागतील. शिवाय जुने शिलिंग नव्या चलनात कोणत्या दराने बदलायचे हे ठरवताना 20 च्या आसपासचा त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा की काही वर्षांची सरासरी, यावर प्रत्येक ठेवीदाराची बचत अवलंबून राहील.